तीन आठवड्यांचा ‘आ’

गेल्या अंकात पावसाळ्यात माइक कसे जपावेत हे सांगताना ओघात एक वाक्य लिहून गेलो होतो. ‘टेन सीसी’ या इंग्लिश बँडच्या ‘आयम नॉट इन लव्ह’ या १९७५ च्या गाण्यात मागे सुरांचं जे धुकं पसरलेलं असतं, ते कुठल्याच वाद्याचं नाही, माणसांच्या गळ्यातलं आहे, एवढंच. माइकबद्दल एकानेही काही विचारलं नाही. या वाक्यावर मात्र सात पत्रं आली. तेव्हा संपादकांना विचारून हा महिना त्या एका गाण्याला देतो. माइक कोरड्या डब्यात ठेवा, सोबत सिलिका जेलची पुडी टाका, तो विषय संपला.

प्रश्न : काका, मी बारा वर्षं कीबोर्ड वाजवतो. तुम्ही म्हणता तो आवाज माझ्या कीबोर्डवर आहे, बोट ठेवलं की येतो. त्यांनीही सिंथेसायझरवरच वाजवला असणार आणि मागाहून गोष्ट रचली असणार. खरं काय ते सांगा.
(एक कीबोर्डवादक, कुडचडे)

उत्तर : तुमच्या कीबोर्डात तो आवाज आहे, कारण कधीतरी कुठेतरी खऱ्या माणसांनी ‘आ’ केला आणि कंपनीने तो त्यात भरून ठेवला. १९७५ साली ही सोय नव्हती. तेव्हाचे बहुतेक सिंथेसायझर एका वेळी एकच स्वर वाजवत. दोन बोटं ठेवली तरी ऐकू यायचा एकच. मेलोट्रॉन नावाचं एक धूड होतं खरं. त्यात प्रत्येक पट्टीखाली फितीचा तुकडा असे, त्यावर आधीच भरलेला आवाज. पट्टी दाबली की फीत सरकायची, पण आठ सेकंदांत संपायची. मग बोट उचला, फीत मागे जाऊ द्या, पुन्हा दाबा. ज्याला सहा मिनिटं न तुटणारा सूर हवा, त्याच्या ते काय कामाचं?

बँडमध्ये चौघे होते. एरिक स्ट्युअर्ट, ग्रॅहम गोल्डमन, केविन गॉडली आणि लॉल क्रीम. मँचेस्टरजवळ स्टॉकपोर्ट नावाचं गाव आहे, तिथे ‘स्ट्रॉबेरी’ हा त्यांचा घरचाच म्हणावा असा स्टुडिओ. स्ट्युअर्ट त्यात भागीदार आणि रेकॉर्डिंगचा इंजिनीअरही तोच. ही गोष्ट ध्यानात ठेवा. तासावर पैसे मोजून स्टुडिओत गेलेला माणूस पुढचा वेडेपणा करूच शकत नाही.

गाणं लिहिलं स्ट्युअर्ट आणि गोल्डमन या दोघांनी, तेही बोसा नोव्हात, म्हणजे ब्राझीलच्या त्या हलक्या डुलत्या तालात. रेकॉर्ड झालं आणि बाजूला पडलं. का पडलं ते शेवटच्या पत्राच्या उत्तरात सांगतो. पुन्हा हातात घेतलं तेव्हा गॉडलीने सुचवलं की वाद्यं काढून टाका, सगळं आवाजांवर उभं करूया. पण एवढे गायक आणायचे कुठून? त्यावर क्रीमने तोड काढली, टेपची वेटोळी करूया. लूप हा शब्द आता पोरांच्या तोंडी असतो. तेव्हाचा लूप हातात धरता यायचा.

गोल्डमन, गॉडली आणि क्रीम माइकसमोर उभे राहिले आणि एका स्वरावर ‘आ’ लावला. असा सोळा वेळा. तीन गळे गुणिले सोळा, म्हणजे एकाच स्वराचे ४८ आवाज. मग अर्धा स्वर वर सरकायचं आणि पुन्हा सोळा वेळा. काळ्या-पांढऱ्या मिळून बारा आणि वरचा सा धरून तेरा स्वर. ४८ गुणिले १३, ६२४. तीन आठवडे लागले. तीन बाप्ये एका बंद खोलीत ‘आ’ करतायत आणि चौथा काचेपलीकडून ‘परत एकदा’ म्हणतोय. शेजारपाजारच्यांनी काय समजून घेतलं असेल देव जाणे.

एकदाच गाऊन त्याच्याच प्रती का नाही काढल्या, असं तुम्ही विचाराल. हुबेहूब ४८ प्रती एकीवर एक ठेवल्या तर आवाज फक्त मोठा होतो, त्याचा घोळका होत नाही. माणूस दर खेपेला केसभर वर लागतो, केसभर खाली लागतो, एकाचा श्वास आधी सुटतो. चवथीला आमच्या वाड्यावर घुमट-शामेळाच्या साथीने वीस-पंचवीस जण आरत्या म्हणतात. त्यातले सुरात गाणारे फार तर चार. पण ओटीवरून उतरून कुळागरात पन्नास पावलं जा आणि ऐका. सगळ्यांचा मिळून एक गोल, मऊ आवाज येतो. नुसत्या त्या चार सुरेल माणसांना गायला लावलं तर तो येणार नाही. मी लावून पाहिलंय.

आता वेटोळं. एका स्वराच्या ४८ आवाजांची फीत घेतली, तिची दोन्ही टोकं एकमेकांना जोडली. साधारण बारा फुटांचा फेरा झाला. तो टेपमशीनच्या हेडवरून, म्हणजे फितीवरचा आवाज वाचणाऱ्या भागावरून, बाहेर काढायचा, माइकच्या स्टँडला बसवलेल्या चक्रीवरून वळवायचा आणि परत मशीनमध्ये आणायचा. सेकंदाला पंधरा इंच वेगाने बारा फूट फीत साडेनऊ सेकंदांत एक फेरी करते, तीस इंचांनी त्याच्या निम्म्या वेळात. जोड हेडवरून जाताना आवाज उडी मारू शकतो, म्हणून फीत जेवढी लांब तेवढा तो जोड उशिरा येणार. आणि जोड बसवायचा तो सरळ कापून नाही, तिरका कापून.

हे तिरकं कापणं मी दाढीच्या ब्लेडने शिकलो. हणजुण्याच्या बाजारात एका परदेशी माणसाकडून जुनं स्पूलचं मशीन घेतलं होतं. त्याच्याकडे घरी जायच्या तिकिटाचे पैसे नव्हते आणि माझ्याकडे अक्कल. आमच्या गावच्या जत्रेच्या नाटकात दुसरा अंक सगळा पावसात होता. मी आषाढात आमच्या पडवीत बसून पाऊस भरून ठेवला, सहा-सात फुटांचं वेटोळं केलं, आणि चक्री कुठून आणणार, तर पाणी भरलेल्या पितळी तांब्याभोवती ते फिरवलं. तालमीत झकास चाललं. खेळाच्या रात्री दव पडलं, चिकटपट्टी सैल झाली आणि नायिका खिडकीशी जाऊन ‘काय हा पाऊस, थांबायचं नाव नाही’ म्हणत असतानाच जोड सुटला. पाऊस खटकन बंद! फीत तांब्याच्या पायाशी गुंडाळी होऊन पडली. नायक जातिवंत. तो म्हणाला, ‘तुमचा शब्द ऐकला वाटतं त्याने.’ मंडपातून टाळ्या. मला अजून गावात ‘पाऊस थांबवणारा’ म्हणतात.

तर त्या चौघांनी असे तेरा जोड सांभाळले. एकाच फितीवर सोळा आवाज शेजारी-शेजारी वेगवेगळे भरता येतील अशा सोळा ट्रॅकच्या मशीनवर तेरा स्वर एकेका ट्रॅकला, गाण्याच्या पूर्ण लांबीइतके सलग उतरवून घेतले. उरले तीन ट्रॅक. आणि इथे मला खरी मजा वाटते. मिक्सरच्या प्रत्येक फेडरखाली, म्हणजे आवाज कमी-जास्त करायच्या सरकत्या खुंटीखाली, एकेक स्वर अखंड वाहतोय. फेडर वर सरकवला की स्वर पुढे येतो, खाली ओढला की मागे जातो. म्हणजे मिक्सर हीच पेटी झाली, आणि भाता दाबायला नको. चौघांनी आपापसांत फेडर वाटून घेतले, खांद्याला खांदा लावून उभे राहिले आणि गाण्याच्या चालीबरोबर मिक्सर वाजवला. तुम्ही कीबोर्डवर चार बोटं ठेवता, तिथे चार माणसं उभी होती.

आणखी एक बारीक गोष्ट. फेडर अगदी तळाला जाऊ नयेत म्हणून त्यांनी खाली चिकटपट्टी लावली. म्हणजे जे स्वर त्या क्षणी नको आहेत तेसुद्धा पूर्ण गप्प होत नाहीत, तळाशी कुजबुजत राहतात. हेडफोन लावून शांत जागी ऐकलंत तर लागतं. मंगेशी-म्हार्दोळच्या बाजूला मैफलींना मी वर्षानुवर्षं माइक लावले. गवई बसल्या बसल्या पहिली गोष्ट सांगणार, ‘तंबोरा थोडा वाढवा.’ श्रोत्याला तंबोरा ऐकू येतो असं त्याला वाटत नसतं, पण तो काढून घेतला की अंगावरची शाल काढल्यासारखं होतं. हा इंग्लिश तंबोराच, फक्त विचित्र. आपला सा-पवर विसावतो, यांचा बाराच्या बारा स्वरांवर, सगळे एकमेकांशी भांडणारे. तो भांडणाचा आवाज इतका खाली ठेवलाय की आपल्याला ती हवा वाटते.

मुंबईत हेच काम कसं झालं असतं? पन्नास-साठच्या दशकांपासून सिनेमाच्या वाद्यवृंदात आपली गोव्याचीच माणसं भरलेली. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांचे अरेंजर सेबॅस्टियन डिसोझा. स्टाफ नोटेशन, म्हणजे पाश्चात्त्य पद्धतीने लिहिलेली स्वरलिपी, समोर ठेवायचं, पन्नास-साठ वादक आणि कोरस एकदम बसवायचा आणि एका शिफ्टमध्ये गाणं खिशात. कोणी तीन आठवडे ‘आ’ करत बसला असता तर निर्मात्याने त्याला दादरला नेऊन परतीच्या बसमध्ये बसवलं असतं. दोन्ही रीती मला मान्य आहेत. पण मुंबईच्या रीतीने हा आवाज निघाला नसता, कारण कोरसवाल्यांना मध्ये श्वास घ्यावा लागतो. या आवाजाला श्वासच नाही.

बाबा, तुमच्या कीबोर्डवर तो सूर लावा, एक बोट दोन मिनिटं धरून ठेवा, मग गाण्याची सुरुवात ऐका. नंतरही सिंथेसायझरच वाटला तर मला कळवा, मी कान तपासून घेईन. माझे.

प्रश्न : आमच्या लग्नाला एकवीस वर्षं झाली. यजमानांनी एकदाही तोंडाने काही म्हटलेलं नाही. मुलीने या गाण्याचा अर्थ सांगितला, तर गायक पुन्हा पुन्हा सांगतोय की मी प्रेमात नाही. यजमान लगेच म्हणाले, ‘बघ, मी निदान तसं तरी म्हणत नाही.’ असलं गाणं लोक लग्नात कसे वाजवतात?
(एक वाचक भगिनी, साखळी)

उत्तर : ताई, हे गाणं तुमच्यासारख्याच तक्रारीतून आलंय. स्ट्युअर्टच्या बायकोचं म्हणणं होतं की तू मला ‘प्रेम आहे’ असं पुरेसं म्हणत नाहीस. त्याचं उत्तर असं की रोज म्हटलं तर त्याचा अर्थ झिजून जाईल. आता हे उत्तर घरी देऊन बघा म्हणावं तुमच्या यजमानांना. स्ट्युअर्टला पुढे वाटलं की तो शब्द न वापरता तीच गोष्ट सांगता येते का पाहावं, आणि त्याने उलट टोक धरलं. गाण्यातला माणूस सांगतो मी प्रेमात नाही, आणि पुढची प्रत्येक ओळ त्याला खोटं पाडते. तुझा फोटो भिंतीवर लावलाय म्हणून काही समजू नकोस, मागचा डाग झाकायला लावलाय, असं म्हणतो. डाग झाकायला कॅलेंडरही चाललं असतं की!

तुम्हाला आम्हां गोंयकारांपुरती एक गंमत सांगतो. गाण्यात ढोल असा नाहीच. सुरुवातीपासून धप्-धप् असा मऊ ठोका आहे, छातीला कान लावल्यावर येतो तसा. तो ड्रमर गॉडलीने सिंथेसायझरवर काढला. बारीक सूर नव्हे, एवढा ठोकाच काय तो यंत्राचा. त्या यंत्राचं नाव इंग्रजीत आपण ‘मूग’ वाचतो, पण ज्याने ते बनवलं तो अमेरिकन माणूस आपलं आडनाव ‘मोग’ असं उच्चारायचा. तोंडाने सहा मिनिटं नाही नाही चाललंय आणि खाली ठोका पडतोय मोगाचा. साखळीत कोकणी सगळ्यांना कळते, बाकीच्यांसाठी सांगतो, मोग म्हणजे प्रेम.

लग्नाचं म्हणाल, तर मी स्वतः पाहिलंय. सत्तरचं दशक संपत आलं होतं, साष्टीत एका ख्रिस्ती लग्नाला माझे कर्णे होते. बँडने स्लो नाचासाठी हेच गाणं घेतलं. मागचा ‘आ’ काढायला त्यांच्याकडे होता एक छोटा ऑर्गन आणि एक ट्रंपेट, ट्रंपेटच्या तोंडाला टोपी लावून. आवाज पार वेगळा, पण जोड्या उठल्या. तिथे इंग्रजी सगळ्यांना येत होतं. माझ्या शेजारी वधूचा बाप उभा होता, त्याला मी विचारलं, ‘पात्रांव, शब्द ऐकताय ना?’ तो म्हणाला, ‘शब्द कोण ऐकतो, तो कसा म्हणतोय ते ऐक.’ आणि बायकोला शोधायला गेला.

प्रश्न : आम्ही शाळेत ‘एकेकाळचे सिंगल’ या विषयावर तक्ता करतोय. सिंगल म्हणजे नेमकं काय?
(इयत्ता नववी, पेडणे)

उत्तर : सात इंचांची तबकडी, मिनिटाला ४५ फेरे, प्रत्येक बाजूला बहुधा एकच गाणं. म्हणून सिंगल. अल्बमची तबकडी बारा इंचांची आणि ३३ फेऱ्यांची, तिच्यात आठ-दहा गाणी मावत. लहान तबकडीत गाणं जितकं लांब तितक्या खाचा दाटीने काढाव्या लागतात आणि आवाज दबतो, म्हणून साधारण तीन मिनिटं हे माप रूढ झालं. ‘आयम नॉट इन लव्ह’ त्याच्या दुप्पट आहे. तक्त्यावर तबकडी काढाल तर मधलं भोक मोठं काढा, ४५ च्या कित्येक तबकड्यांना ते मोठं असे. मुलं नेहमी टाचणीएवढं काढतात.

प्रश्न : माझी आणि चिरंजीवांची पैज लागली आहे. मी म्हणतो हे गाणं इंग्लंड आणि अमेरिका दोन्हीकडे पहिलं आलं. तो म्हणतो फक्त इंग्लंडमध्ये. हरणाऱ्याने शीतकडी नव्हे, पूर्ण माशांची थाळी द्यायची आहे.
(निवृत्त शिक्षक, म्हापसा)

उत्तर : गुरुजी, पाकीट काढा. इंग्लंडमध्ये १९७५ च्या जूनअखेरीस पहिल्या क्रमांकावर गेलं आणि दोन आठवडे राहिलं. अमेरिकेत दुसऱ्यावर अडकलं. पण तुमच्या बाजूने एवढं सांगता येईल की तिथे ते तीन आठवडे दुसरं होतं आणि तिन्ही आठवड्यांत वर वेगळं गाणं होतं. आधी व्हॅन मकॉयचं ‘द हसल’, मग ईगल्सचं ‘वन ऑफ दीज नाइट्स’, मग बी जीजचं ‘जाइव्ह टॉकिन’. एक हटलं की दुसरं येऊन बसायचं. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात गाडी लावायला जागा मिळते तसं. थाळी अर्धी-अर्धी वाटून घ्या.

कंपनीलाही त्याच्यावर लगेच भरवसा नव्हता. मार्च १९७५ मध्ये अल्बम आला, ‘द ओरिजिनल साउंडट्रॅक’. त्यातून पहिलं सिंगल म्हणून काढलं ते एक हलकंफुलकं, आटोपशीर गाणं. ते इंग्लंडात सातव्या क्रमांकापर्यंत गेलं. सहा मिनिटांचं हे लांबोडं मे महिन्यात मागून आलं आणि पुढे गेलं.

गोव्यात ते माझ्यापर्यंत आलं वर्षभराने, पावसात. आमच्या शेजारचा तारवटी बोटीवरून रजेवर आला होता, त्याच्या कॅसेटवर. मला वाटलं चर्चमध्ये ऑर्गन वाजतोय आणि कोणीतरी दार लोटून घेतलंय. त्यानंतर कित्येक वर्षांनी, २०१४ च्या ‘गार्डियन्स ऑफ द गॅलॅक्सी’ या सिनेमाची सुरुवातच या गाण्याने झाली. इस्पितळात बसलेला एक मुलगा वॉकमनवर ते ऐकत असतो. आमचा नातू सिनेमा पाहून आला आणि मला म्हणाला, आजोबा, एक नवीन गाणं ऐकवतो.

प्रश्न : काका, आम्ही चौघे मित्र. मराठी-कोकणी असं एक गाणं केलंय, साडेपाच मिनिटांचं. जिथे रेकॉर्ड केलं तो म्हणतो अडीच मिनिटांचं करा आणि सुरुवातीची बासरी उडवा, कोणी थांबत नाही. आमचा ड्रमर म्हणतो गाणंच टाकाऊ आहे, सोडून द्या. दोन महिने भांडण चाललंय.
(चार मित्र, शिरोडा)

उत्तर : ड्रमरला हाकलू नका. आधी हे ऐका.

वर म्हटलं ना, गाण्याचं पहिलं रूप बाजूला पडलं. ते गॉडलीला मुळीच रुचलं नव्हतं, आणि तोही ड्रमरच होता. नुसतं बाजूला ठेवलं नाही, टेपच पुसून टाकली असं स्ट्युअर्टने सांगितलंय. ती बोसा नोव्हा आज कोणालाच ऐकता येणार नाही. दुसरी गाणी सुरू झाली. मग स्ट्युअर्टच्या लक्षात यायला लागलं की स्टुडिओत काम करणारी माणसं येता-जाता तीच चाल गुणगुणतायत. बँडवाल्यांनी टाकलेली चाल ऑफिसातली माणसं सोडायला तयार नाहीत. त्यावर पुन्हा बैठक झाली आणि ज्याने ते पाडलं होतं त्या गॉडलीनेच आवाजांची कल्पना दिली. न आवडणाऱ्या माणसाला विचारायचं ते याच्यासाठी. ‘आवडत नाही’ एवढ्यावर त्याला सोडू नका. ‘मग कसं करूया?’ हे विचारा आणि उत्तर येईपर्यंत त्याला चहा पाजत राहा.

तेव्हा पुता, पहिलं काम. तुम्ही चौघे सोडून ते गाणं कोण गुणगुणतं? आई भांडी घासताना? तालमीच्या खोलीचा मालक? कोणीच नाही, तर ड्रमरचं म्हणणं खरं असू शकतं. पण निदान टेप पुसू नका. आता तर पुसण्याचंही कारण नाही, हार्डडिस्कवर जागा फुकट असते.

लांबीचं. त्यांनाही कापायला लागलं होतं. अमेरिकेत सिंगलसाठी कापलेली आवृत्ती निघाली. आज लोकांच्या कानात आहे ती मात्र पूर्ण सहा मिनिटांची. तुम्हीही छोटी आवृत्ती करा, भांडू नका, पण पूर्ण गाणं आधी पक्कं करा आणि मग कापा. अडीच मिनिटांचं ठरवून बनवलेल्या गाण्याला मागाहून लांबवता येत नाही, ते रबरासारखं दिसतं. बासरीचं मी ऐकल्याशिवाय सांगणार नाही. बासरीने सुरू होणारी गाणी गोव्यात गेल्या पाच वर्षांत इतकी झालीत की मला त्या रेकॉर्डिंगवाल्याची थोडी दया येते.

आणि मध्ये काहीतरी आपोआप घडायला जागा ठेवा. त्या गाण्याच्या मधोमध सगळं थांबतं आणि एक बाई कानात कुजबुजल्यासारखी सांगते की मोठ्या मुलांनी रडायचं नसतं. ती गायिका नव्हे, स्टुडिओतली रिसेप्शनवरची मुलगी. गाण्याच्या त्या जागी काहीतरी कमी पडत होतं आणि काय ते सुचत नव्हतं. तेवढ्यात तिने दार किलकिलं केलं आणि आतल्या कामात व्यत्यय नको म्हणून अगदी हळू आवाजात सांगितलं, एरिक, तुमचा फोन आहे. क्रीम म्हणाला, हाच आवाज! ती बिचारी नको नको म्हणत होती, तरी तिला माइकसमोर उभं केलं. फोनवर कोण होतं आणि त्याचं पुढे काय झालं हे कोणी लिहून ठेवलेलं नाही.

गाणं मला ऐकवायचं असेल तर पेनड्राइव्हवर आणा, पूर्ण साडेपाच मिनिटांचं. ड्रमरला सोबत आणा. मोबाइलवर ऐकवू नका. गेल्या महिन्यात एका पोराने ऐकवलं, गाणं नुकतं रंगात येत होतं आणि मध्येच त्याच्या आईचा फोन. येताना बांगडे आण, पण ताजे असतील तरच.